टाकीच्या डोक्यावर

एप्रिलअखेर तपासणीचं स्टिकर संपत होतं
आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा
मार्चमधल्या गावसभेपासून पेटलेलाच.
लाइल गोशीनं कोड वाचला,
टोपी मागं सरकवून म्हणाला,
"टाकीचा प्रेशर सेन्सर. सहाशे चाळीस डॉलर, ओडील,
बोल्ट तुटले तर वरचे वेगळे."
म्हटलं, बघते.
आमच्या घरात "बघते" म्हणजे काय,
हे लाइलला त्याच्या बापापासून माहीत आहे.

आधी झाकण बदललं. बारा डॉलर. दिवा तसाच.
मग नळ्या चाचपल्या, साबणाचं पाणी मारलं,
एक बुडबुडा येईल तर शपथ.
शेवटी नको तेच निघालं:
सेन्सर बसलाय टाकीच्या डोक्यावर
आणि टाकीच्या डोक्यावर पिकअपचा अख्खा हौदा.

हौद्याला आठ बोल्ट.
वर्मॉन्टच्या रस्त्यांवरचं अठरा हिवाळ्यांचं मीठ त्यांनी खाल्लेलं,
आणि खाल्ल्या मिठाला जागून
एकही जागचा हलेना.
तेल, हातोडी, शिव्या, पुन्हा तेल.
शिव्या क्वेबेकच्या, म्हणजे सगळ्या चर्चमधल्या वस्तू.
सहा सुटले. उरलेले दोन करवतीनं कापले, हातानं;
ग्राइंडर नको, खाली पेट्रोल आहे
आणि मेपलचा पाक अजून बाटल्यांत भरायचाय.

कोरीननं फोन खिशात ठेवला
(सोळाव्या वर्षी, याची नोंद असावी)
आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला.
हौदा तिरका उचलून ओंडक्यावर टेकवला.
टॉर्चच्या उजेडात
उंदराचं घरटं, सूर्यफुलाची टरफलं,
कुरतडलेल्या हातमोज्याची दोन बोटं,
आणि सेन्सरच्या वायरींवर
हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती
निळी टेप.

थोडा वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
रेआल सगळ्याला हीच लावायचा:
कुऱ्हाडीचा दांडा, चष्म्याची काडी,
एका थँक्सगिव्हिंगला तर टर्कीचा पाय.
म्हणजे माझा भाऊ इथवर येऊन गेला होता.
हौदा उचलून. कुणाला न सांगता.
कधी, ते टेपवर लिहिलेलं नाही.

"तेच खराब असणार,"
कोरीन म्हणाली, बापाच्या कामाबद्दल,
नाही म्हणावं मी, अशा आवाजात.
म्हटलं, मोजू. किल्ली फिरव, गाडी चालू करू नकोस.
मीटरची लाल सुई आत: पाच व्होल्ट.
पूर्ण पाच, त्या निळ्या टेपमधून येऊन.
काळी वायरही ठीक.
तिसरी, बातमी आणणारी,
टाकीचं झाकण सताड उघडं ठेवलं तरी
दाब वाढलाय, दाब वाढलाय म्हणून ओरडत होती.
टाकीला काही झालं नव्हतं.
सांगणाराच बिघडला होता.

किल्ली बंद. क्लिप काढताना माझं नख गेलं.
जुना सेन्सर रबरातून निघाला
बाटलीच्या ओल्या बुचासारखा,
पेट्रोलचा एक उबदार श्वास तोंडावर आला,
आणि नवा आत. एक्केचाळीस डॉलर,
अंगठ्याएवढा.

टेप काढायची होती. चांगली काळी,
उष्णता सोसणारी, मी आणलीही होती.
कोरीननं निळ्या टेपचं सुटलेलं टोक
अंगठ्याखाली दाबून धरलं.
"राहू दे ना, आत्या."
राहू दिली.
घरटं मात्र काढलं.

हौदा परत बसला तो अर्धा इंच डावीकडे,
मागचं फाटक आता लाथ खाल्ल्याशिवाय लागत नाही.
दिवा लगेच नाही गेला.
तिसऱ्या दिवशी, तळ्याकाठच्या उतारावर,
कोरीन चालवत होती तेव्हा विझला.
ती बोलली नाही. मीही खिडकीतून
चिखलात रुतलेल्या कुणाच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले.

लाइलनं स्टिकर चिकटवलं,
गाडीमागं जाऊन उभा राहिला,
एक डोळा मिटून म्हणाला,
"वाकडा बसलाय."
म्हटलं, बघते.